सेकंडहँड लेथसाठी टूल जमवताना: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

जुनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचं मशिन) घेणं हा सोपा भाग. साडेचार किंवा सहा फुटी, पट्ट्यावर चालणारी, पंजाबातल्या बटाल्याची नाहीतर गुजरातेतल्या राजकोटची लेथ भंगाराच्या भावापेक्षा थोड्या जास्त पैशांत मिळून जाते. पण ती शेडमध्ये उतरते तेव्हा बहुतेक वेळा उघडीबोडकीच असते. चक (कातायचा तुकडा जबड्यांत पकडून फिरवणारा भाग) असला तर चावी नसते, चावी असली तर बाहेरचे जबडे नसतात. समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकमध्ये एक झिजलेलं सेंटर (जॉबला आधार देणारं टोक), टूल पकडणाऱ्या टूलपोस्टमध्ये कुणीतरी विसरलेलं तुटकं टूल, एवढंच. मग कॅटलॉग उघडून एकेक वस्तू नवी घ्यायला बसलं की लेथच्या किमतीइतका आकडा सहज होतो.

तो आकडा बराच खाली आणता येतो. माझा ठोकताळा असा: जे जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडतं किंवा मापतं त्याच्यावर पैसा घाला आणि जे कापतं ते स्वस्तातलं, जुनं, भंगारातलं आणा. बरेच जण नेमकं उलटं करतात. चकचकीत इन्सर्टचा (होल्डरवर बसवायच्या कार्बाइडच्या बदलत्या धारांचा) सेट नवा घेतात आणि लावतात तोंड वासलेल्या चकसमोर.

आधी लेथ मोजा

बाजारात जाण्याआधी एका वहीत पाच गोष्टी लिहून घ्या.

पहिली, स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) नोज, म्हणजे चक बसतो ते टोक. जुन्या पट्ट्याच्या लेथना बहुधा आट्यांचा नोज असतो. आट्यांचा बाहेरचा व्यास, थ्रेड गेज लावून इंचाला किती आटे, आट्यांची लांबी आणि आट्यांमागच्या गुळगुळीत भागाचा व्यास, ही चारही मापं लागतात. त्यातला गुळगुळीत भाग लोक मोजायला विसरतात. चक सेंटरला बसवतो तो मात्र तोच. कॅमलॉक (आट्यांऐवजी पिनांनी चक अडकवणारा) नोज असेल तर पिना किती आणि त्या कुठल्या वर्तुळावर आहेत ते मोजा.

दुसरी, टेलस्टॉकचा आणि स्पिंडलचा टेपर. मोर्स टेपरचं मोठ्या तोंडाचं माप एमटी-२ ला १७.७८ मिमी, एमटी-३ ला २३.८३ मिमी, एमटी-४ ला ३१.२७ मिमी असतं. व्हर्निअर लावला की एका मिनिटात कळतं. टेपरला साधारण वीस मिलिमीटरला एक मिलिमीटर उतार असतो, त्यामुळे तोंडापासून थोडं आत मोजलं तर आकडा कमी दिसेल, गोंधळू नका.

तिसरी, टूलपोस्टच्या बैठकीपासून सेंटरपर्यंतची उंची. कोणत्या जाडीचा होल्डर तुमच्याकडे बसेल हे या एका आकड्यावर ठरतं. ही उंची २२ मिमी असेल तर २० मिमीचा होल्डर दोन मिलिमीटर पॅकिंग घालून बसेल, २५ मिमीचा बसणार नाही.

चौथी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आरपीएम. पाचवी, लीडस्क्रूचा (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) पिच आणि सोबत आलेल्या प्रत्येक चेंज गिअरचे (वेगवेगळे आटे पाडायला बदलायच्या गिअरचे) दात.

शक्य असेल तर नोजच्या मापाचा एक नर आट्यांचा तुकडा एमएसमध्ये (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या मऊ पोलादात) कातून घ्या. अजून चकच नसेल तर शेजारच्या टर्नरकडून करून घ्या. तो खिशात टाकून बाजारात गेलात की दुकानदाराच्या "बसेल हो साहेब" वर विसंबायची गरज उरत नाही.

कुठे शोधायचं

मुंबईत मशीद बंदर स्टेशनापासून चालत जाण्यासारखी नागदेवी स्ट्रीट ही नव्या टूलची पेठ. पुण्यात हार्डवेअरसाठी बोहरी आळी आणि जुन्यासाठी जुना बाजार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर. तिथे एकाच गल्लीत फाउंड्रीवाला, टर्नर, ग्राइंडिंगवाला आणि जुनी मशिनं विकणारा भेटतो, त्यामुळे नवख्या माणसाने एक दिवस तिथे घालवावा असं माझं मत आहे. भोसरी, सातपूर, अंबड, वाळूज अशा एमआयडीसींच्या कडेला जुन्या मशिनरीचे आणि भंगाराचे व्यापारी असतातच. पिंपरी-चिंचवडची कुदळवाडी अशा मालासाठी प्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, तेव्हा जुन्या पत्त्यावर जाण्याआधी फोन करा.

सरकारी कारखान्यांचा आणि रेल्वेचा माल ई-लिलावात निघतो. पण तिथे लॉट टनांचे असतात, घरगुती माणसाच्या ते कामाचं नाही. असा लॉट उचललेला व्यापारी शोधा. त्याला पोतंभर टूल किलोवर विकायची घाई असते.

सगळ्यात चांगला माल मात्र बाजारात येतच नाही. एखादा जुना वर्कशॉपवाला काम बंद करतो, मुलाला त्यात रस नसतो, आणि चाळीस वर्षांची जमवलेली टूलं लाकडी खणांत पडून राहतात. ही बातमी धार लावणाऱ्याकडे, बेअरिंगच्या दुकानात, आयटीआयच्या जुन्या निदेशकांकडे आधी पोहोचते. त्यांच्याशी ओळख ठेवा. अशा घरी गेल्यावर एकच चांगली वस्तू उचलून घासाघीस करण्यापेक्षा सगळ्या खणांचा एकत्र भाव विचारा. मालकालाही ते बरं वाटतं, आणि तुमच्या वाट्याला गेज, स्लीव्ह, रीमर असं काय काय येतं.

कापणारी टूलं: एचएसएसपासून सुरुवात

हल्ली कुणालाही विचारा, "कार्बाइड घ्या" म्हणेल. आधी हिशेब करून बघा. एमएससाठी कार्बाइडला (टंगस्टन कार्बाइडच्या टूलला) मिनिटाला १२० मीटर तरी वेग हवा असतो. २५ मिमी व्यासाच्या जॉबला तो वेग म्हणजे सुमारे १,५३० आरपीएम. पट्ट्यावरच्या जुन्या लेथला इतका वेग बहुधा नसतोच, आणि असला तरी तिच्या बेअरिंगना तो दिवसभर झेपत नाही. एचएसएसला (हाय स्पीड स्टीलला) त्याच जॉबवर मिनिटाला २५ मीटर पुरतो, म्हणजे सुमारे ३२० आरपीएम. हा वेग तुमच्या लेथवर नक्की आहे. कमी वेगात कार्बाइडची कड भुरभुरते, जॉबवर धातू चिकटतो, आणि दोष मात्र लेथला दिला जातो.

एचएसएसचे चौकोनी बिट पाव इंच, तीन अष्टमांश, अर्धा इंच अशा मापांत मिळतात. मिरांडाचे नवे घेतले तरी फार महाग नाहीत, पण जुने, अर्धे झिजलेले बिट किलोवर मिळतात आणि त्यांत भरपूर जीव शिल्लक असतो. अडचण एवढीच की त्याच ढिगात साध्या कार्बन स्टीलचे तुकडेही मिसळलेले असतात. ओळख ठिणगीवरून पटते. तुकडा ग्राइंडरला हलकेच टेकवा. कार्बन स्टीलची ठिणगी पिवळी-पांढरी, लांब आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटणारी. एचएसएसची ठिणगी तांबूस, आखूड, विरळ, जवळजवळ न फुटणारी. दोन ओळखीचे नमुने सोबत ठेवा आणि आलटूनपालटून लावून बघा, दहा मिनिटांत डोळा तयार होतो. दुकानदाराकडे ग्राइंडर असतोच. तो लावू देत नसेल तर माल तिथेच ठेवा.

कार्बन स्टीलचं टूल धार लावताना निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, ते गेलं. एचएसएस मात्र काळंनिळं झालं तरी फारसं बिघडत नाही. नवशिक्याने त्यावर हात बसवावा याचं हेही एक कारण. फक्त लालभडक तापलेला बिट एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

एमएससाठी उजव्या हाताच्या टर्निंग टूलला समोरून आणि बाजूने ८ ते १० अंश मोकळीक द्या, वर बाजूकडे १२ ते १४ अंश उतार द्या, टोकाला ऑइलस्टोनने हलकीशी गोलाई द्या. ॲल्युमिनियमला वरचा उतार आणखी वाढवा. पितळेला वरची बाजू सपाटच ठेवा, नाहीतर टूल जॉबमध्ये ओढलं जातं. ग्राइंडरसोबत येणारा करडा, जाडाभरडा दगड या कामाला ठीकठाक. पांढरा किंवा गुलाबी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड एकदाच घेतला की फरक दिसतो. दगड बसवण्याआधी टांगून लाकडी मुठीने टकटक करा. बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे, तो बसवू नका.

धार लावलेलं टूल सेंटरच्या उंचीला आणायला महागडं गेज नको. जॉबच्या गोलाईवर सहा इंची पट्टी उभी धरून टूलचं टोक तिला हळूच टेकवा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. वरची कड तुमच्याकडे झुकली तर टूल खाली आहे, पलीकडे झुकली तर वर आहे. पॅकिंगला पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या पात्यांचे तुकडे उत्तम. प्रत्येक टूलची पॅकिंग त्याच्यासोबत तारेने बांधून ठेवा.

कार्बाइड घ्यायचंच असेल तर

कास्ट आयर्नची कडक कातडी काढायला, जुना शाफ्ट कातायला कार्बाइड हवंच. स्वस्त मार्ग म्हणजे ब्रेझ केलेलं, म्हणजे शँकवर (दांड्यावर) कार्बाइडचा तुकडा पितळेने जोडलेलं टूल. शँकवरचा रंग बघा: निळा म्हणजे पी ग्रेड, स्टीलसाठी, लाल म्हणजे के ग्रेड, कास्ट आयर्न आणि पितळेसाठी, पिवळा म्हणजे एम. धार लावायला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो, पांढऱ्या दगडावर नुसता दगड झिजतो. आणि ती धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

इन्सर्टच्या बाबतीत सीएनसी शॉपशी ओळख काढा. तिथे इन्सर्ट ठरावीक नगांनंतर बदलतात, धार पूर्ण जाण्याची वाट बघत नाहीत. डब्यात पडलेल्या इन्सर्टची एखादी बाजू बऱ्याचदा कोरी असते. हे डबे किलोवर विकले जातात, कारण टंगस्टन कार्बाइडला भंगारातही चांगला भाव आहे. म्हणून फुकट मागू नका, भंगारवाल्यापेक्षा थोडा जास्त भाव द्या आणि निवडून घ्या. भिंग सोबत न्या.

कोड वाचायला शिका. सीसीएमटी ०९टी३०४ यात पहिला 'सी' म्हणजे ८० अंशांचा आकार, दुसरा 'सी' म्हणजे ७ अंशांची मोकळीक, शेवटचा '०४' म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी. दुसऱ्या जागी 'एन' असेल, जसं सीएनएमजी किंवा टीएनएमजी, तर तो निगेटिव्ह इन्सर्ट. दोन्ही बाजूंनी वापरता येतो म्हणून लोभ सुटतो, पण त्याला भारदस्त, ताकदीची लेथ लागते. जुन्या हलक्या लेथवर ७ अंश मोकळीक असलेले, ०.४ गोलाईचे इन्सर्टच शांतपणे कापतात. ॲल्युमिनियमसाठीचे, चकचकीत पॉलिश केलेले सीसीजीटी तर स्टीलवर शेवटचा बारीक कट घ्यायलाही झकास. मोठ्या ब्रँडच्या नावाची पाकिटं ऑनलाइन कवडीमोल दिसली तर ब्रँड खोटा आहे असंच धरून चाला. ती मुळीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ब्रँडचे पैसे देऊ नका.

जुना २५ मिमीचा होल्डर स्वस्त मिळाला आणि तुमच्या बैठकीत तो उंच होत असेल, तर शेपर किंवा मिलिंगवाल्याकडून खालची बाजू तीन-चार मिलिमीटर उतरवून घेता येते. उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे किरकोळ काम आहे.

चक: इथे हात आखडू नका

आपल्याकडे तीन जबड्यांच्या चकला ट्रू चक म्हणतात आणि चार स्वतंत्र जबड्यांच्या चकला डॉग चक. जुन्यात एकच घ्यायचा असेल तर डॉग चक घ्या. ट्रू चकची अचूकता त्याच्या आतल्या स्क्रोलवर (तिन्ही जबडे एकदम सरकवणाऱ्या चकतीवर) असते, आणि तो झिजला की वरून काहीच करता येत नाही. डॉग चकमध्ये जॉब तुम्ही डायल गेज लावून स्वतः सेंटरला आणता, त्यामुळे चाळीस वर्षं वापरलेला चकही जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत खरा फिरवून देतो. शिवाय त्याचे जबडे उलटे करून लावता येतात, दुसरा सेट लागत नाही. वेळ जास्त जातो, हे खरं. पण घरच्या वर्कशॉपमध्ये तासाचा हिशेब कुणी मागत नाही.

डॉग चक बघताना चारही स्क्रूंची चौकोनी तोंडं बघा. गोल झाली असतील तर चावी सटकेल. मग प्रत्येक जबडा पूर्ण आतबाहेर करून बघा, आणि चावीच्या भोकांभोवतीचं कास्टिंग रॉकेलने पुसून बघा; तडा असेल तर रॉकेल वाळताना रेघ ओली राहते. वेल्डिंगची खूण दिसली तर चक तिथेच सोडा, भाव कितीही पाडला तरी.

ट्रू चक घ्यायचाच असेल तर जबड्यांवरचे १, २, ३ हे आकडे आणि सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. जबडे पूर्ण बंद करा. मागे टेकले आणि तोंडाशी फट राहिली, तर जबडे तोंडाशी झिजलेले आहेत. आता एक सरळ गोल पिन पकडा, जुन्या एंडमिलची शँक यासाठी उत्तम, आणि तिचं बाहेरचं टोक बोटाने हलवून बघा. ते हललं तर जबडे ग्राइंड करावे लागतील, तो खर्च भावातून वजा करा. चावी फिरवताना एकाच जागी जड लागत असेल तर बहुतेक आत बर (कापलेल्या धातूचा कीस) अडकलेली असते. खोलून धुतलं की सुटतं. दुकानदाराला हे सांगू नका.

बॅकप्लेट (चक नोजवर बसवणारी मागची चकती) नसलेला चक स्वस्त मिळतो. घाबरू नका. फाउंड्रीतून कास्ट आयर्नची चकती घ्या, नोजचे आटे शेजारच्या वर्कशॉपमधून पाडून आणा, आणि चक बसण्याची पायरी तुमच्याच लेथवर, तुमच्याच स्पिंडलवर काता. त्यामुळे ती आपोआप खरी फिरते. आट्यांच्या नोजवर उलट्या दिशेने कट घेऊ नका, चक सुटून अंगावर येतो.

टेलस्टॉकचं सामान

रिव्हॉल्व्हिंग सेंटर नवं घ्या. त्यात बेअरिंग असतात आणि जुन्याचा भरवसा नाही. ड्रिल चक आणि त्याचा आर्बरही नवेच परवडतात. स्लीव्ह, साधी सेंटरं आणि टेपर शँकची मोठी ड्रिलं मात्र जुनी घ्या, नवीन ड्रिलांच्या किमती बघितल्यावर का ते कळेल. १४ मिमीपर्यंतच्या ड्रिलला बहुधा एमटी-१ शँक असते, त्यापुढे २३ पर्यंत एमटी-२, मग साधारण ३१ पर्यंत एमटी-३. ड्रिलची धार गेलेली असली तरी चालते, ती लावता येते. शँकवर मात्र बोट फिरवा. ड्रिल आत फिरल्याचे ओरखडे, उठलेले कंगोरे लागले तर ते ड्रिल तुमचा टेलस्टॉक खराब करेल. घ्यायचंच असेल तर आधी कंगोरे ऑइलस्टोनने मोडा.

स्पिंडलसाठीचं सेंटर विकत घ्यायची गरज नाही. एमएसचा तुकडा चकमध्ये पकडा, कंपाउंड स्लाइड (टूलपोस्टखालची कोनात फिरणारी छोटी स्लाइड) ३० अंशांवर लावा आणि ६० अंशांचं टोक काता. जोवर तो तुकडा चकमधून काढत नाही तोवर कुठल्याही विकतच्या सेंटरपेक्षा तो जास्त खरा असतो.

घरी करण्यासारखं

बोअरिंग बार (भोक आतून कातायला): ईएन-८ या मध्यम कार्बन स्टीलचा गोल बार, टोकाला आडवं भोक, त्यात तुटक्या ड्रिलची किंवा सेंटर ड्रिलची शँक धार लावून, आणि पुढून एक ग्रब स्क्रू. स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर काढलात तर थरथरायला लागतो, म्हणून दोन-तीन जाडीचे बार करून ठेवा.

पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करायला): पूर्ण एचएसएसच्या पॉवर हॅक्सॉ पात्याचा तुकडा. फॅब्रिकेशनवाले तुटलेली पाती फेकतात. आधी ठिणगी तपासा, कारण बायमेटल पात्याला फक्त दातांपाशी एचएसएस असतं. दोन्ही बाजू मागे आणि खाली किंचित निमुळत्या करा, नाहीतर खाचेत अडकेल.

मापं आणि चेंज गिअर

डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड नसेल तर डॉग चकचा उपयोग अर्धाच. डायल जुना घेताना काटा हळूहळू पूर्ण फिरवा, कुठेही अडखळू नये. व्हर्निअरचे जबडे मिटून उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसला तर नको.

चेंज गिअर घेताना फसगत ठरलेली. मॉड्यूल २ (मेट्रिक माप) आणि १२ डीपी (डायमेट्रल पिच, इंची माप) हे दात डोळ्याला सारखेच दिसतात, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. ४० दातांचा मॉड्यूल २ गिअर बाहेरून ८४ मिमी भरतो, १२ डीपीचा ८८.९ मिमी. म्हणजे व्हर्निअर लावा. सूत्र सोपं आहे: दातांच्या संख्येत दोन मिळवा, त्याने बाहेरच्या व्यासाला भागा, म्हणजे मॉड्यूल.

इंचाला चार आट्यांच्या लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो. तो मोठा असतो, जुन्यात क्वचित मिळतो आणि कित्येक लेथच्या क्वाड्रंटमध्ये (चेंज गिअर बसवायच्या पट्टीत) मावतच नाही. त्याऐवजी गिअर हॉबिंगवाल्याकडून ६३ दातांचा एक कापून घ्या. १.५ मिमी पिचसाठी चालवणारे ६३ आणि ३०, चालणारे ८० आणि १०० लावा. १०० मिमी लांबीत फरक पडतो ०.०१२५ मिमी. नट, बोल्ट, स्टडला तो कळतही नाही. लीडस्क्रूच कातायचा असेल तर १२७ शिवाय इलाज नाही.